समुद्र नसलेल्या प्रांताचा वकील

श्रोतेहो, नमस्कार.

20 मे 2003. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात एका गायीला मॅड काऊ रोग झाल्याचं जाहीर झालं आणि त्याच दिवशी अमेरिकेनं कॅनडाच्या गोमांसाला आणि जिवंत गुरांना दार बंद केलं. आजारी जनावर एकच. पण विकायला तयार असलेली गुरं प्रांतभर अडकून पडली. कमी वयाची गुरं पुन्हा सीमेपलीकडं जायला 2005 चा जुलै उजाडला.

त्याच वर्षी अल्बर्टानं वॉशिंग्टनला, कॅनडाच्या दूतावासातच, स्वतःचं कार्यालय उघडलं. 2007 मध्ये तिथं प्रतिनिधी म्हणून गेलेल्या गॅरी मार यांच्याविषयी मला आज बोलायचं आहे.

मार कॅल्गरीचे, पेशानं वकील. 1993 मध्ये प्रांताच्या विधानसभेत आले. शिक्षण, पर्यावरण, आरोग्य ही खाती त्यांनी सांभाळली. एवढा अनुभवी मंत्री आमदारकी सोडून परदेशी का जातो, हे समजायला तिथली व्यवस्था पाहावी लागते. आपल्या किनाऱ्यासमोर मुंबई हायचं तेल आहे, पण त्यावर मालकी केंद्राची, महाराष्ट्राची नाही. अल्बर्टात उलट आहे. जमिनीखालचं बहुतांश तेल 1930 पासून प्रांताच्या मालकीचं. त्याच्या रॉयल्टीतून शाळा आणि दवाखाने चालायला हातभार लागतो. प्रांताला समुद्र मात्र नाही आणि मोठं गिऱ्हाईक एकच, अमेरिका. गिऱ्हाईक रुसलं तर काय होतं, ते त्या गायीनं दाखवलंच होतं.

मार गेले तो काळ कठीण होता. अल्बर्टाचं तेल वाळूतून काढावं लागतं, त्यात कार्बन जास्त सुटतो, म्हणून अमेरिकेत विरोध वाढत होता. एप्रिल 2008 मध्ये तेलखाणीच्या सांडपाण्याच्या तळ्यात उतरलेली सुमारे 1,600 बदकं मेली. अशा बातमीनंतर अमेरिकी लोकप्रतिनिधींसमोर प्रांताची बाजू मांडायची, हे निव्वळ विक्रेत्याचं काम नव्हे. पर्यावरण खातं चालवलेल्या माणसाचं तिथं वजन पडतं, असं मला मनापासून वाटतं. तरी प्रतिनिधी दार ठोठावू शकतो, निर्णय त्याच्या हाती नसतो. अल्बर्टाचं तेल अमेरिकेत नेणाऱ्या कीस्टोन एक्सएल पाइपलाइनचा अर्ज 2008 चा. 2015 मध्ये ओबामांनी ती नाकारली, ट्रम्प यांनी मंजूर केली आणि 2021 मध्ये बायडन यांनी पुन्हा रद्द केली.

2011 मध्ये मार प्रांतातल्या सत्ताधारी पक्षाच्या नेतेपदाची निवडणूक लढवायला परतले. पहिल्या फेरीत 41 टक्के मतं मिळवून सर्वांच्या पुढं होते. पण शेवटी दुसऱ्या पसंतीची मतं मोजली गेली आणि ॲलिसन रेडफर्ड निसटत्या फरकानं जिंकून प्रीमियर, म्हणजे प्रांताच्या मुख्यमंत्री, झाल्या. त्यांनी हरलेल्या प्रतिस्पर्ध्याला अडगळीत टाकलं नाही. आशियातले प्रतिनिधी म्हणून हाँगकाँगला पाठवलं. मला या साऱ्या कहाणीत हाच प्रसंग सगळ्यांत जास्त आवडतो. एकाच गिऱ्हाइकावर विसंबलेल्या प्रांताला दुसरी बाजारपेठ हवी होती आणि त्या कामाचा जाणता माणूस समोर होता. 2012 मध्ये निधी जमवण्याच्या एका कार्यक्रमावरून चौकशी झाली, तेवढा काळ ते पदापासून दूर राहिले. चौकशीत दोष निघाला नाही.

पुढं ते तेलक्षेत्राला सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेचे प्रमुख झाले आणि नंतर कॅल्गरीतल्या कॅनडा वेस्ट फाउंडेशन या अभ्यास संस्थेचे. तिथंही त्यांनी लावून धरलेला प्रश्न जुनाच आहे: पश्चिम कॅनडाचा माल रेल्वेनं, रस्त्यानं, पाइपलाइननं बंदरापर्यंत पोचवायचा कसा?

नमस्कार.