तलावाच्या पाण्यातले रंग

[दृश्य: पहाट. भंडारा जिल्ह्यातला मामा तलाव. पाळीखाली धानाची बांधी, काठाला लागलेला डोंगा.]

माजी मालगुजारी तलाव, म्हणजे आपले मामा तलाव. कोहळी समाजाने पाळ घातली, मासेमार ढिवरांनी पाणी सांभाळलं. पाण्यात कोणते मासे आहेत, देवधान कुठे उगवतं, बेशरमाचं झुडूप कुठून पसरतंय, हे गावाला माहीत असतं. डोळ्यांना दिसत नाही ते शेवाळ. माशांचं अन्न तिथूनच सुरू होतं आणि तलाव बिघडायला लागला की बदलही आधी तिथेच होतो.

सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी मोजता येते. पण वीस तलाव, वर्षातून चार फेऱ्या, आणि शेवाळ ओळखणारा माणूस एखादाच. म्हणून दुसरी वाट धरायची, पेशीने स्वतः तयार केलेल्या रंगद्रव्यांची. ही तिच्या चयापचयातून निघालेली द्रव्यं. क्लोरोफिल-अ सगळ्यांकडे असतं, बाकीची गटागटाने वाटलेली असतात. फ्युकोझँथिन मिळालं तर मुख्यतः डायटम. अलोझँथिन क्रिप्टोफाइटांचं, पेरिडिनिन डायनोफ्लॅजेलेटांचं; हे तिन्ही सूक्ष्म शेवाळाचेच गट. क्लोरोफिल-ब आणि ल्युटिन सोबत आले तर हिरवं शेवाळ. एकिनेनोन आणि झिॲझँथिन नीलहरित शेवाळाकडे बोट दाखवतात. मात्र झिॲझँथिन हिरव्या शेवाळातही थोडं असतं, त्यामुळे एकट्या त्याच्यावर निकाल द्यायचा नाही.

[दृश्य: डोंग्यातून पाणी घेताना. लांब नळी तळाकडे सोडली जाते.]

नमुना काठावरून घेऊ नका. तिथल्या पाणवनस्पतीचा एखादा तुकडा बाटलीत आला, तरी त्याचं क्लोरोफिल-ब आणि ल्युटिन यंत्राला हिरव्या शेवाळासारखंच दिसतं. वरचा थरही फसवा. मायक्रोसिस्टिससारखं नीलहरित शेवाळ तरंगतं आणि वाऱ्याने एका कोपऱ्यात गोळा होतं. म्हणून मोकळ्या पाण्यात नळी उभी सोडून वरपासून तळाच्या थोडं वरपर्यंतचं पाणी एकत्र घ्यायचं. गाळ ढवळला तर नमुना गेला. वेळही दर फेरीला तीच ठेवायची, कारण ऊन चढलं की काही रंगद्रव्यं मिनिटांत बदलतात.

मोठे किडे काढायला बारीक जाळी लावावीशी वाटते. इथे जपून. मायक्रोसिस्टिसचे पुंजके त्याच जाळीत अडकतात आणि ज्याच्यासाठी आलो तेच बाहेर राहतं.

[दृश्य: सावलीतली फिल्टरची मांडणी. काचतंतूची पांढरी गोल चकती हळूहळू हिरवट होते.]

निकाल खरा ठरतो तो या अर्ध्या तासात. काचतंतूचा २५ मिलिमीटरचा फिल्टर, छिद्रं साधारण ०.७ मायक्रॉनची. उन्हाळ्यातल्या गढूळ पाण्याचे ५० ते १०० मिलिलिटर गाळले तरी फिल्टर तुंबतो. स्वच्छ पाणी अर्धा लिटरही जातं. पंपाची ओढ १५० मिलिमीटर पाऱ्याच्या आत ठेवा, नाहीतर पेशी फुटतात आणि रंग पाण्याबरोबर निघून जातो. काम सावलीत, अंधूक उजेडात. फिल्टर दुमडून ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये, आणि लगेच द्रवरूप नायट्रोजनमध्ये. बर्फाच्या डब्यात दिवसभर फिरवलेल्या फिल्टरवरचं क्लोरोफिल मोडत जातं.

आणि किती मिलिलिटर गाळलं ते तिथल्या तिथे लिहा. हा आकडा हरवला तर पुढचं सगळं महागडं काम वाया जातं, कारण लिटरमागे किती रंगद्रव्य हे काढताच येत नाही.

[दृश्य: प्रयोगशाळा. मंद दिवे.]

इथे फिल्टर उणे ८० अंशांवर राहतो. मग ३ मिलिलिटर ॲसिटोन, बर्फात ठेवून ध्वनिलहरींचे झटके, रात्रभर उणे २० अंश. ओल्या फिल्टरमध्ये ०.२ मिलिलिटरच्या आसपास पाणी उरतं आणि अर्क तेवढा पातळ होतो. म्हणून ॲसिटोनमध्ये आधीच ठरावीक मात्रेत जीवनसत्त्व ई ॲसिटेट घालतात. यंत्रावर त्याचा संकेत जितका घटला, त्यावरून अर्क किती पातळ झाला ते कळतं. आम्लाचा अंशही लागता कामा नये. क्लोरोफिलमधलं मॅग्नेशियम सुटतं आणि फिओफायटिन उरतं.

मग एचपीएलसी, म्हणजे अर्कातली द्रव्यं वेगळी करणारं यंत्र. सी-८ स्तंभातून रंगद्रव्यं एकामागून एक बाहेर येतात, डायोड ॲरे शोधक प्रत्येकाचा वर्णपट, म्हणजे कोणत्या रंगाचा प्रकाश किती शोषला जातो ते, घेतो. नुसत्या बाहेर येण्याच्या वेळेवरून नाव द्यायचं नाही. वेळ आणि वर्णपट दोन्ही जुळले पाहिजेत. दर तुकडीत एक कोरा, पाणी न गाळलेला फिल्टरही चालवायचा. नीलहरित शेवाळाचं फायकोसायनिन हे निळं रंगद्रव्य या पद्धतीत दिसत नाही. ते पाण्यात विरघळतं, ॲसिटोनमध्ये येत नाही.

रंगद्रव्यांवरून गटांचा वाटा काढणारी केमटॅक्स ही गणनपद्धत १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली, ती समुद्रासाठी. कोणत्या गटात कोणतं रंगद्रव्य किती, ही तिथली गुणोत्तरं मामा तलावाला उचलून लावणं ही या कामातली सगळ्यात मोठी चूक. सावलीतली पेशी आणि उन्हातली पेशी रंगाचं प्रमाण वेगळं ठेवते. म्हणून प्रत्येक फेरीत काही तलावांचा १०० मिलिलिटर नमुना १ मिलिलिटर लुगोल आयोडीन (पेशी टिकवणारं द्रावण) घालून राखून ठेवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा, आणि आपल्या पाण्याची गुणोत्तरं आपणच बसवायची. तरीही हातात शेवाळाचा गट येतो, नेमकी प्रजाती नाही. पाणी विषारी आहे का, तेही रंगावरून कळत नाही; त्यासाठी विषाचीच वेगळी तपासणी लागते.

[दृश्य: ग्रामपंचायतीत उघडलेली वही.]

जैवविविधता कायदा २००२ चा. त्याखाली गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. नमुना घेण्याआधी समितीशी बोला, आणि निकाल या वहीत परत आणा: तारीख, वेळ, डोंगा कुठे उभा होता, किती मिलिलिटर गाळलं, कोणता गट किती. शेजारच्या रकान्यात त्या दिवशी ढिवरांच्या जाळ्यात काय आलं ते.