व्हाळाच्या फेसात

[दृश्य: आंबोलीच्या जंगलातला ओढा. दगडामागे गोल फिरणारा पांढरा फेस.]

पाऊस ओसरला, की आंबोलीच्या व्हाळांचं पाणी निवळतं. दगडाच्या आडोशाला ते घुटमळतं आणि तिथे फेस साचतो. वर कुणी कपडे धुतले असतील असं वाटेल, पण वर वस्तीच नाही. कुजत्या पाचोळ्यातून उतरलेल्या द्रव्यांचा हा फेस आहे.

[दृश्य: काचपट्टीवर फेसाचा थेंब, निळा रंग, मग सूक्ष्मदर्शकातलं चित्र.]

आता हे पाहा. एक आकार अगदी चंद्रकोरीसारखा. बाजूला लांबलचक, वळण घेतलेला धागा. आणि हा चार हातांचा! हे आहेत पाण्यातल्या बुरशांचे बीजाणू.

चारच हात का? रानातला सराटा आठवा. तो कसाही पडला तरी जमिनीवर टेकतोच. हा बीजाणूही तसाच. वाहत्या पाण्यात पानाला तीन टोकांनी टेकतो, चिकटतो आणि तिथेच रुजतो. गुळगुळीत गोल बीजाणू त्या धारेत केव्हाच वाहून गेला असता. वाहताना हेच हात बुडबुड्यांत अडकतात, म्हणून फेसात इतकी गर्दी.

इंग्लंडमध्ये बुरशांचे अभ्यासक सी. टी. इंगोल्ड यांनी ओढ्यातल्या अल्डर झाडाच्या कुजक्या पानांवर या बुरशा पाहिल्या आणि 1942 साली त्यांचं सविस्तर वर्णन केलं. आपल्या पडद्यावरची चंद्रकोर, लुन्युलोस्पोरा कर्व्हुला, हे नावही त्यांनीच दिलेलं. तिकडे ती उन्हाळा सरता सरता, पाणी कोमट असताना दिसते. पश्चिम घाटात मात्र तिची रेलचेल! कर्नाटकातल्या घाटओढ्यांवर मंगळुरूच्या अभ्यासकांनी 1980 च्या दशकापासून काम केलं. त्यात ही चंद्रकोर आणि तीन-चार हातांची ट्रायसेलोफोरस पुन्हा पुन्हा भेटतात.

[दृश्य: पाण्यातून उचललेलं जांभळाचं पान.]

या पानाला बोट लावून बघा. पडलं तेव्हा चामड्यासारखं चिवट होतं, आता बुळबुळीत झालंय. बुरशीचे तंतू आत शिरले, त्यांच्या विकरांनी पेशींना जोडणारा चिकट थर विरघळवला. कोरड्या पानात पोषण थोडंच असतं. बुरशी पाण्यातला नत्र शोषून त्यात स्वतःचं अंग भरते. मग खेकडे येतात, पानांचे तुकडे जोडून घर बांधणाऱ्या कॅडिसमाशीच्या अळ्या येतात. निवड करायची वेळ आली, तर या अळ्या ताजं पान सोडून बुरशी लागलेलं पान खातात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते: व्हाळावर दाट सावली असते, पाण्यात शेवाळ बेताचंच, म्हणजे इथलं बरंचसं अन्न झाडावरून पडतं आणि बुरशीच्या हातून जेवण होतं.

काठची झाडं तुटली, की पाचोळा आटतो आणि पाणी तापतं. सांडपाणी मिसळलं, की बुरशांच्या जाती कमी होत जातात. पाणी वरून स्वच्छ दिसत असलं, तरी फेसाच्या थेंबात ते कळतं.

[दृश्य: तेच पान, महिन्यांनंतर. फक्त शिरांची जाळी.]

मऊ भाग सगळा खाल्ला गेला. शिरांवर अजून तंतू आहेत, आणि त्यांच्या टोकांवर नवे चार हात उमलतायत.