कालचा भाव आज का दिसतो

तर मंडळी, कॅश म्हटलं की आपल्याकडं आधी रोकड आठवते, ती ही नव्हे. सांगलीचा भडंगवाला बघा, गिऱ्हाईक आलं की दरवेळी कढई चढवत बसत नाही, सकाळीच पाकिटं भरून ठेवतो आणि मागितलं की देतो. वेबसाइटची कॅश तेच करते, पान एकदा तयार केलं, बाजूला ठेवलं, पुढच्या हजार लोकांना तेच दिलं. घोळ कधी होतो, तर भाव बदलतो आणि जुन्या छापाची पाकिटं काउंटरवर तशीच राहतात.

मला हे हळदीनं शिकवलं. मार्केट यार्डातल्या एका अडत्याला साइट करून दिली होती, सौदा झाला की भाव टाकायचे, आणि मी कॅशमधल्या सगळ्या पानांना २४ तासांची मुदत देऊन टाकली, तोवर तेच पान दाखवायचं, म्हटलं पळतीय झकास. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन. "पाव्हणं, मी आजचा भाव टाकलाय आणि समोरचा शेतकरी मोबाईलवर कालचा दाखवतोय, आता त्याच्याशी भांडू का तुमच्याशी?" मग मी काय केलं, तर 'कॅश साफ करा' असं एक बटण दिलं. ते दाबायचं कोण लक्षात ठेवतंय, मी स्वतः विसरायचो. मुदत ५ मिनिटं करून पाहिली तर दिवसभर भाव हलत नसतानाही सर्व्हर उगाच दर ५ मिनिटांनी तेच पान पुन्हा बनवत बसला.

म्हणून सेव्ह झालं की कॅशला आपोआप सांगावा गेला पाहिजे. साइट वर्डप्रेसवर असेल तर 'सेव्ह पोस्ट' नावाचा हुक, म्हणजे पोस्ट सेव्ह झाली की आपला कोड चालवणारी खुंटी, त्यासाठी चालतो, फक्त तो ड्राफ्टलाही वाजतो, तेव्हा पोस्ट पब्लिश झालीय का हे तपासूनच पर्ज करा, म्हणजे कॅशमधलं जुनं पान पुसा. सर्व्हरच्या पुढं व्हार्निश हे कॅशचं सॉफ्टवेअर असेल तर पर्जची रिक्वेस्ट घ्यायचे नियम आपणच लिहायचे असतात, आणि ती कुठल्या आयपीवरून घ्यायची हेही, नाहीतर कुणीही येऊन तुमची कॅश झाडून जाईल. अजून एक, डेटाबेसमध्ये नवा भाव पक्का व्हायच्या आधीच पर्ज गेला, तर मधल्या क्षणी कुणीतरी पान उघडतो, सर्व्हर जुना भाव वाचतो आणि तोच परत कॅशमध्ये जाऊन बसतो. हे सापडायला मला दोन रात्री लागल्या, कारण दहातनं एकदाच व्हायचं. आधी कमिट, म्हणजे डेटाबेसमध्ये भाव पक्का, मग पर्ज.

आता पुसायचं काय काय? हळदीचा भाव हळदीच्या पानावर असतो, होमपेजवर असतो, आठवड्याच्या तक्त्यात असतो, फीडमध्येही असतो. या पानांच्या पत्त्यांची यादी हातानं ठेवली की एखादं पान राहतंच. त्यापेक्षा पान कॅशमध्ये जातानाच त्याला चिठ्ठी चिकटवा, 'हळद', 'बेदाणा', आणि भाव बदलला की 'हळद' चिठ्ठीवालं तेवढं उडवा. कॅशची सेवा देणाऱ्या कंपन्यांपैकी फास्टली याला सरोगेट-की म्हणतं, क्लाउडफ्लेअर कॅश-टॅग.

काही जण म्हणतात एवढं कशाला, सगळीच साफ करायची. पुराच्या दिवसांत करून बघा! सांगलीत कृष्णेच्या आयर्विन पुलावर पाण्याची पातळी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, अशा वेळी अख्खी सांगली मिनिटामिनिटाला पातळी बघत असते आणि तुम्ही प्रत्येक नोंदीला सगळी कॅश रिकामी केली तर ती गर्दी थेट सर्व्हरवर आदळणार. तिथं स्टेल-व्हाइल-रिव्हॅलिडेट ही कॅशला द्यायची सूचना कामाला येते, कॅश नवं पान तयार होईपर्यंत जुनं दाखवत राहते. मात्र पातळीशेजारी नोंदीची वेळ छापाच, ते काही सेकंदांचं जुनं असलं तरी लोक त्यावर घर सोडायचं ठरवतात.

आणि हे सगळं आपल्या ताब्यातल्या कॅशचं झालं. ब्राउझरमध्ये जे गेलं ते गेलं, तिथं तुमचा पर्ज पोचत नाही. म्हणून भावाच्या पानाबरोबर ब्राउझरसाठी 'नो-कॅश' ही सूचना द्या. नाव फसवं आहे, ठेवू नका असं ते सांगतच नाही, ठेवा पण दाखवायच्या आधी आम्हाला विचारा एवढंच सांगतं. अजिबात ठेवायचं नसेल तर 'नो-स्टोअर'. लोगो, स्टाइलच्या फायली यांना वर्षाची मुदत चालते, फाइल बदलली की नाव बदलायचं.

हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. सर्व्हरवरचं सगळं पुसलं आणि अडत्याला मोठ्या ऐटीत सांगितलं, आता बघायला सांगा. शेतकऱ्यानं मोबाईल बंद करून चालू केला. कालचाच भाव.