बिली लायर: पेटीत राहिलेलं पत्र

नमस्कार. आज एका कादंबरीबद्दल बोलायचंय, पण सुरुवात त्यातल्या एका पत्रापासून करतो.

बीबीसीवर ‘हाउसवाइव्ह्ज चॉइस’ नावाचा फर्माइशी गाण्यांचा कार्यक्रम लागायचा. एक आई त्याला पत्र लिहिते. नवरा पूर्वी जे गाणं म्हणायचा, तेच लावा म्हणते, आणि जमलं नाही तरी समजून घेईन, असंही कळवते. खाली ताजा कलम: माझा मुलगाही गाणी लिहितो, पण त्याचं रीतसर शिक्षण झालेलं नाही, त्याला कुठे संधी मिळणार! आम्ही आपली साधी माणसं.

पत्र पोस्टात टाकायचं काम त्या मुलाकडेच होतं. त्याने ते टाकलंच नाही.

हा मुलगा म्हणजे बिली फिशर. कीथ वॉटरहाउसची ‘बिली लायर’ ही कादंबरी १९५९ साली आली. यॉर्कशायरमधलं स्ट्रॅडहॉटन हे काल्पनिक गाव आणि एकच शनिवार, एवढ्यात सगळं घडतं. एकोणीस वर्षांचा बिली अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या शॅड्रॅक आणि डक्सबरी यांच्याकडे कारकून आहे. वॉटरहाउस स्वतः लीड्सचा, आणि पोरवयात अशाच कचेरीत कामाला होता. त्या कचेरीचा कंटाळा त्याला आतून माहीत आहे, हे पानोपानी जाणवतं.

बिलीच्या डोक्यात अँब्रोसिया नावाचा एक देश आहे. तिथे तो सर्वेसर्वा, त्याचं सैन्य लढाया जिंकतं. प्रत्यक्षात कोणी डोक्यात गेलं, की मनातल्या मनात अँब्रोसियाची बंदूक चालते. बिलीची अगदी पहिली वर्षं दुसऱ्या महायुद्धात गेली. ब्रिटनमधलं रेशनिंग तर १९५४पर्यंत चालू होतं. अशा पोराच्या मनोराज्यात तोफा आणि संचलनं असणार नाहीत तर काय?

मला सगळ्यात आवडतं ते हे: बिली स्वतःच्या विचारांचे दोन प्रकार करतो. एक नंबरचा विचार म्हणजे ठरवून खाल्लेले मनातले मांडे, त्याची दोरी बिलीच्या हातात. दोन नंबरचा विचार म्हणजे नको असताना मागे लागणारी काळजी. ती थोपवता येत नाही. अख्खी कादंबरी या दोन विचारांच्या रस्सीखेचीवर चालते. दोन नंबर जवळ आला की बिली पळत एक नंबरमध्ये शिरतो. रात्री झोप न येणाऱ्या कुणालाही हे सांगायला नको.

आणि काळजीला कारणंही भरपूर आहेत. कचेरीने गिऱ्हाइकांना पाठवायला दिलेली कॅलेंडरं त्याने पाठवलीच नाहीत, तिकिटांचे पैसे खर्च करून टाकले. आता त्या गठ्ठ्यांची विल्हेवाट कशी लावायची? तो एकेक कॅलेंडर कचेरीच्या संडासात टाकून पाणी सोडतो. बार्बरा आणि रीटा, दोघींशी लग्न ठरवलेलं, अंगठी मात्र एकच! ती एकीकडून परत मिळवायची त्याची धडपड वाचताना मी पुस्तक मिटून हसलोय.

उरलेली कॅलेंडरं पलंगाखालच्या पेटीत असतात. त्या पेटीला त्याने नाव दिलंय, अपराधाची पेटी. आईचं पत्रही त्याच्याकडेच पडून आहे. साम्राज्य चालवणाऱ्या पोराच्या हातून एक पत्र पेटीपर्यंत जात नाही, लाल पेटीपर्यंत! हसता हसता घसा दाटतो तो इथे.

पुढे यावर नाटक झालं, आणि १९६३मध्ये जॉन श्लेसिंजरने चित्रपट केला, टॉम कोर्टनी आणि ज्युली ख्रिस्ती यांना घेऊन. चित्रपट सुंदरच आहे. तरी आधी कादंबरी वाचा, कारण थाप मारायच्या आधी बिलीच्या मनात काय चाललंय, ते त्याच्याच तोंडून ऐकायला मिळतं.

शेवटी रात्र होते. लंडनला जाणारी गाडी, आणि लिझ, बिलीला मनापासून समजून घेणारी एकमेव मुलगी. तिकीट त्याने काढलेलं आहे. आपण वाचताना अक्षरशः ढकलत असतो, चढ रे, चढ एकदाचा! तो चढत नाही. वळतो, आणि घराकडे चालायला लागतो.