मशीद बंदरचे बेने इस्राएल : लघुमाहितीपटाचे निवेदन

[नवगावचा किनारा, ओहोटीची वेळ. मागे स्मारकस्तंभ.]

मुंबईच्या बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाचे मूळ बंदरापलीकडे, अलिबागच्या परिसरातील अष्टागरात आहे. अलिबागच्या उत्तरेस नवगावच्या या किनाऱ्याजवळ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एक गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी परंपरा हा समाज पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला आहे. वाहून आलेले मृतदेह येथेच पुरले गेले आणि त्यांच्या स्मरणार्थ आज हा स्तंभ उभा आहे. धर्मग्रंथ समुद्रात गेले. वाचलेल्यांजवळ जे उरले ते सारे पाठ असलेले आणि अंगवळणी पडलेले होते : शनिवारची विश्रांती, मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शमा इस्राएल’ ही एकच प्रार्थना, जी ते जन्माच्या, लग्नाच्या आणि मरणाच्या प्रसंगीही म्हणत.

[जुना लाकडी घाणा, जवळून.]

रायगड जिल्ह्याच्या गावागावांतून हा समाज तेल गाळण्याच्या व्यवसायात स्थिरावला. पडद्यावर दिसणारा घाणा आता चालत नाही, परंतु त्याची रचना निरखून पाहावी अशी आहे. जमिनीत रोवलेली उखळी, तिच्यात तिरकी बसवलेली लाट, लाटेला जोडलेली आडवी फळी आणि त्या फळीवर वजनासाठी ठेवलेले दगड. डोळ्यांना झापड बांधलेला बैल गोल फिरू लागला की लाट उखळीच्या कडेवर तीळ किंवा खोबरे घासत राही, आणि बराच वेळ घासले गेल्यावर तेल सुटून पेंड कडेला जमत जाई. शनिवारची विश्रांती शुक्रवारच्या संध्याकाळीच सुरू होते, त्यामुळे हा घाणा शुक्रवारी सूर्य मावळला की थांबत असे. म्हणून शेजारीपाजारी या लोकांना ‘शनवार तेली’ म्हणत, तर सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ‘सोमवार तेली’ म्हणून ओळखले जात. पेणकर, रोहेकर, झिराडकर, किहीमकर, चेऊलकर, दिवेकर ही आडनावे याच मुलखातील गावांची आहेत, आणि आबाजी, बापूजी, हसाजी, समाजी ही नावेही येथल्याच बोलीतून आलेली आहेत.

[ससून डॉक, पहाटेचा लिलाव. टोपल्या, मासे निवडणारे हात.]

या समाजात सांगितली जाणारी आणखी एक कथा मासळीची आहे. डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू धर्मशिक्षक कोकणात आला आणि हे शनवार पाळणारे लोक खरोखर आपल्याच धर्माचे आहेत का, हे पाहण्यासाठी त्याने त्यांच्या स्त्रियांसमोर सरमिसळ मासळीची टोपली ठेवली. स्त्रियांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे रांधण्यासाठी निवडले. कोळंबी, खेकडे आणि मोरी त्यांनी बाजूला सारली. धर्मशास्त्रातला नियम त्यांनी कधी वाचलेला नव्हता, तो त्यांच्या स्वयंपाकघरात जिवंत होता. रहाबीने मग झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या तीन घराण्यांतील माणसांना शिकवून काझी, म्हणजे समाजाचे धर्मप्रमुख, नेमले, असे सांगतात.

ज्या धक्क्यावर हे चित्रण झाले तो धक्का अल्बर्ट ससून यांनी १८७५ मध्ये बांधला. त्यांचे वडील डेव्हिड ससून हे ज्यू व्यापारी बगदादहून निघून १८३२ च्या सुमारास मुंबईत आले होते. ग्रंथालय, रुग्णालय, भायखळ्याचे आणि फोर्टमधले सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिर, अशी या घराण्याची नाममुद्रा मुंबई-पुण्यावर ठळक उमटलेली आहे. फोर्टमधले केनेसेथ एलियाहू हे १८८४ चे सिनेगॉग पाहायला देशोदेशींचे पर्यटक येतात आणि त्यांनी यावे असेच ते देखणे आहे. परंतु या शहरातले पहिले सिनेगॉग त्याहून ८८ वर्षे जुने आहे. ते कोण्या व्यापाऱ्याने उभारले नाही. ते अष्टागरातून आलेल्या एका मराठी शिपाईगड्याने उभारले, आणि या माहितीपटाचा बराचसा वेळ आम्ही त्यालाच दिला आहे.

[सॅम्युएल स्ट्रीट. हातगाड्या, मसाल्याची पोती, वर लाकडी गॅलऱ्या.]

अठराव्या शतकाच्या मध्यापासून बेने इस्राएल कुटुंबे मुंबईत येऊ लागली. कंपनी सरकारला सुतार, गवंडी, कारकून आणि मुख्यतः शिपाई हवे होते. सॅम्युएल इझिकेल दिवेकर, म्हणजे आपल्या माणसांतले समाजी हसाजी, हे कंपनीच्या देशी पलटणीत कमांडंटच्या हुद्द्यापर्यंत चढले. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात ते टिपू सुलतानच्या कैदेत सापडले. कैद्यांची जात विचारली जात असताना त्यांनी आपण बेने इस्राएल आहोत असे सांगितले, तेव्हा टिपूच्या आईने कुराणात ज्यांचा उल्लेख आहे ते हेच लोक म्हणून त्यांना सोडवले, ही आख्यायिका समाजात आजही सांगितली जाते. सुखरूप घरी परतलो तर देवाचे घर बांधीन, हा कैदेतला नवस त्यांनी १७९६ मध्ये फेडला. सिनेगॉगचे नाव शाआर हारहमीम, अर्थात दयेचे द्वार. मोहल्ल्यातले लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत, आणि जवळच्या मशीद स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे येथे मानतात. पुढच्याच वर्षी, १७९७ मध्ये, समाजी कोचीन येथे वारले. सिनेगॉगसाठी तोराच्या, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाच्या, हस्तलिखित गुंडाळ्या मिळवण्याच्या खटपटीत ते तेथे गेले होते, असे सांगितले जाते. आज दिसणारी इमारत १८६० ची आहे.

[सिनेगॉगचा अंतर्भाग.]

दारातून आत येताना चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे धर्मवचने ठेवलेल्या लहान डबीला, बोटे लावून ती ओठांशी नेली जातात. मधोमध कठड्याने वेढलेला तेबा, म्हणजे हजान, प्रार्थनेचा म्होरक्या, जेथून प्रार्थना चालवतो ते व्यासपीठ. समोर पडद्याआड हेखाल हे पवित्र कपाट, ज्यात सेफेर तोरा, म्हणजे तोराच्या गुंडाळ्या, ठेवलेले असतात. वरच्या सज्ज्यात स्त्रियांच्या बैठका. एका बाजूला संदेष्टा एलियाहूची खुर्ची, जिच्याजवळ बाळाची सुंता होते.

[मलिद्याचे ताट, वरून.]

एलियाहू हन्नाबी, म्हणजे याच संदेष्ट्या एलियाहूवरची या समाजाची श्रद्धा पाहायची तर मलिद्याचे ताट पाहावे. भिजवलेल्या पोह्यांत गूळ किंवा साखर, खवलेला ओला नारळ, वेलदोडा आणि सुका मेवा हलक्या हाताने मिसळतात, पोहे मोडू देत नाहीत. त्यांची रास ताटाच्या मध्यभागी रचून भोवती फळे मांडली जातात : खजूर, केळी आणि हंगामात जी मिळतील ती. झाडाच्या फळासाठी, जमिनीतून येणाऱ्या फळासाठी आणि सुवासासाठी निरनिराळे आशीर्वाद हिब्रूत म्हटले जातात, एलियाहूचे गीत गायले जाते आणि मग ताट सर्वांत वाटले जाते. लग्नाआधी, नवस फेडताना, नव्या घरात जाताना मलिदा होतो. अलिबागजवळच्या खंडाळ्यात खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा दाखवतात आणि तेथेही कुटुंबे मलिदा घेऊन जातात. पोहे आणि नारळ कोकणचे, आशीर्वाद हिब्रू.

[१८७४ ची हग्गादा, पाने उलटताना.]

हा धर्म मराठीत जगला, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा पडद्यावर आहे. वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री वाचायची हग्गादा ही पोथी मराठीसह १८४६ मध्ये मुंबईत छापली गेली, तर १८७४ मध्ये पुण्यात निघालेल्या आवृत्तीत चित्रे आहेत. हे चित्र थोडे थांबून पाहावे : लुगडी नेसलेल्या स्त्रिया जमिनीवर बसून बेखमिरी भाकरीची तयारी करीत आहेत. १८८० च्या सुमारास बेने इस्राएल कीर्तनकार उभे राहिले आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने टाळ-पेटीच्या साथीने, आर्या, ओव्या, साक्यांत रंगू लागली. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी इस्राएली शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. १९०५ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिल्या आलेल्या रिबेका रूबेन यांनी या शाळेचे मुख्याध्यापकपद दीर्घकाळ सांभाळले. महालक्ष्मीजवळचा रस्ता ज्यांच्या नावाचा आहे ते डॉ. ई. मोझेस १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर होते.

१९४८ नंतर समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. तेथील धर्मपीठाने विवाहांबाबत घेतलेल्या शंकांविरुद्ध त्यांना आंदोलन करावे लागले आणि १९६४ मध्ये ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे मान्य झाले.

[ठाणे, शाआर हाशामाइम सिनेगॉग. सणाची गर्दी.]

भारतात उरलेला समाज आता काही हजारांचा आहे आणि त्यातील बहुतेक लोक मुंबई-ठाण्यात राहतात. ठाण्याच्या १८७९ च्या या सिनेगॉगमध्ये सणाला जागा पुरत नाही. मशीद बंदरच्या मोहल्ल्यात मात्र ज्यू घरे फारशी राहिली नाहीत, आणि सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष जमावे लागतात. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. जुन्या हग्गादा, कीर्तनांच्या वह्या, समाजाची मराठी मासिके अजून घराघरांतल्या कपाटांत आहेत. ती वाचण्यासाठी मराठी येणारे अभ्यासकच हवेत, आणि ते काम हे कागद विरण्याआधी हाती घेतले गेले पाहिजे.