मॅग्निट्यूड भूकंपाचा, इंटेन्सिटी गावाची

मराठी बातमीत भूकंप आला की एक वाक्य ठरलेलं असतं: 'अमुक इतक्या रिश्टर स्केल तीव्रतेचा धक्का'. आपण सगळ्यांनीच ते इतक्यांदा वाचलंय की त्यात खटकण्यासारखं काही असेल असं वाटतही नाही. पण इंग्रजीतले दोन वेगळे शब्द, मॅग्निट्यूड आणि इंटेन्सिटी, त्या एका वाक्यात एकमेकांत मिसळलेले असतात. रिश्टरचा आकडा मॅग्निट्यूडचा असतो. तीव्रता म्हणजे इंटेन्सिटी, आणि ती रिश्टरच्या मापाने मोजतच नाहीत. आज मी याच दोन शब्दांबद्दल बोलणार आहे. सोयीसाठी मॅग्निट्यूडला 'परिमाण' म्हणतो आणि इंटेन्सिटीला 'तीव्रता'.

परिमाण भूकंपाचं असतं. जमिनीच्या पोटात खडक तुटला, त्याचा किती मोठा पट्टा सरकला, किती सरकला, त्यावरून काढलेला हा एक आकडा. एका भूकंपाला एकच. तो लातूरच्या नोंदीवरून काढा नाहीतर टोकियोच्या, उत्तर जवळपास तेच यायला हवं. तीव्रता मात्र जागेची असते. तुमच्या गावात, तुमच्या पायाखाली जमीन किती जोरात हलली, भांडी वाजली की भिंती खाली आल्या, याचं ते माप. त्यामुळे भूकंप एक असला तरी तीव्रता जितकी गावं तितक्या.

यात तीव्रता हा जुना शब्द. यंत्रं नव्हती तेव्हा भूकंपाचं मोजमाप माणसांना विचारूनच व्हायचं. झोपलेले जागे झाले का? टांगलेला दिवा हलला का? चुन्याच्या भिंतीला तडा गेला की भिंतच पडली? इटलीच्या ज्युसेप्पे मर्काली यांनी १९०२ साली अशा निरीक्षणांची श्रेणी बसवली. पुढे १९३१ मध्ये अमेरिकेत तिचं सुधारित, बारा पायऱ्यांचं रूप आलं. भारतात आपण बराच काळ वापरली ती १९६४ ची एमएसके श्रेणीही याच घराण्यातली. पाचव्या पायरीवर बहुतेक झोपलेली माणसं जागी होतात. सहाव्या पायरीवर लोक घाबरून बाहेर पळतात, गिलावा पडतो. आठव्या पायरीवर कच्च्या बांधणीची घरं कोसळू लागतात. बाराव्या पायरीवर भूप्रदेशाचा चेहराच बदलतो. या पायऱ्या रोमन आकड्यांत लिहायची पद्धत आहे. ती मला फार शहाणपणाची वाटते, कारण रोमन आकड्यांत 'सहा पूर्णांक तीन' लिहिता येत नाही. हे दशांश चिन्हाच्या अचूकतेचं माप नाही, हे लिहितानाच कळतं.

मग १९३५ साली कॅलिफोर्नियात चार्ल्स रिश्टर यांनी दुसरं माप काढलं. त्यांची अडचण साधी होती. ओसाड वाळवंटात मोठा भूकंप झाला तर नुकसान शून्य, शहराखाली लहानसा झाला तर हाहाकार. मग मोठा कुठला? त्यांनी भूकंपमापकाच्या कागदावर उमटलेल्या रेघेचा विस्तार, म्हणजे ती किती वरखाली झाली ते, घेतला, केंद्रापासूनच्या अंतराचा हिशेब केला आणि एक आकडा काढला. त्यांचे वरिष्ठ सहकारी हॅरी वुड यांचा आग्रह होता की या नव्या राशीला तीव्रतेपासून ठळकपणे वेगळं असं नाव द्या. रिश्टरना हौशी खगोलशास्त्राचा नाद होता. ताऱ्यांच्या तेजस्वितेच्या प्रतीला खगोलशास्त्रज्ञ मॅग्निट्यूड म्हणतात, तोच शब्द त्यांनी उचलला. म्हणजे गंमत बघा, गल्लत होऊ नये म्हणूनच जो शब्द मुद्दाम आणला, त्याचीच आपण नव्वद वर्षांनी तीव्रतेशी गल्लत करतो आहोत.

फरक समजावून सांगायला रिश्टर स्वतः रेडिओचं उदाहरण देत. आकाशवाणी केंद्राच्या प्रक्षेपकाची ताकद किती किलोवॅट, हे झालं परिमाण. तुमच्या घरातल्या संचावर आवाज किती स्पष्ट येतो, ही तीव्रता. ती अंतरावर अवलंबून असते, मध्ये डोंगर आहे का यावरही असते.

जाता जाता दोन गैरसमज. रिश्टर स्केल हे यंत्र नाही. 'तुमचा स्केल बघायला आलोय' असं म्हणत लोक रिश्टरकडे येत, आणि त्यांना दाखवायला यांच्याकडे तक्ते आणि आलेख. दुसरं, हे माप दहापैकी गुण नव्हे. त्याला वरची ठरलेली मर्यादा नाही, आणि अगदी बारीक कंपांचं परिमाण ऋणही येतं. नोंदला गेलेला सर्वात मोठा भूकंप १९६० चा चिलीतला, ९.५ चा. शिवाय हा लॉगॅरिदमी मामला आहे. आकडा एकने वाढला की रेघेचा विस्तार दहापट आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीसपट. मोठ्या भूकंपांना रिश्टरचं मूळ माप पुरत नाही, म्हणून १९७९ पासून हँक्स आणि कानामोरी या भूकंपशास्त्रज्ञांचं मोमेंट मॅग्निट्यूड आलं; खडकाचा किती पट्टा किती सरकला, यावरून काढतात ते हेच. आज बातमीत येणारा मोठ्या भूकंपाचा आकडा बहुधा तोच असतो. 'रिश्टर' हे नाव नुसतं चिकटून राहिलंय.

आता उदाहरणं, कारण खरी मजा तिथे आहे. मजा म्हणणंही बरं नव्हे, माणसं गेलेली आहेत.

न्यूझीलंडमधलं क्राइस्टचर्च घ्या. ४ सप्टेंबर २०१० च्या पहाटे शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर ७.१ चा भूकंप झाला. पडझड झाली, पण ढिगाऱ्याखाली कुणी दगावलं नाही. २२ फेब्रुवारी २०११ ला भर दुपारी ६.२ चा झाला. ऊर्जेने पहिल्याच्या विसाव्या हिश्श्याइतका असेल, पण उथळ आणि शहराच्या अगदी उशाशी. १८५ माणसं गेली. परिमाणाच्या यादीत हा दुसरा धाकटा भाऊ. शहराच्या तीव्रतेच्या नकाशात मात्र तोच थोरला.

मेक्सिकोचं उदाहरण याच्या उलट. १९८५ च्या सप्टेंबरात पॅसिफिक किनाऱ्याजवळ ८.० चा भूकंप झाला आणि साडेतीनशे किलोमीटरवरच्या मेक्सिको शहरात हजारो माणसं मेली. मधल्या गावांमध्ये इतकी हानी नव्हती. कारण शहराचा जुना भाग आटवलेल्या तळ्याच्या मऊ चिखलावर उभा आहे. त्या चिखलाने लाटा वाढवल्या, आणि हेलकाव्याचा ताल मध्यम उंचीच्या, सहा ते पंधरा मजली इमारतींशी जुळला. बुटकी घरं वाचली, बरेच उंच मनोरेही वाचले. आपल्याकडे २००१ च्या प्रजासत्ताकदिनी भूजच्या भूकंपात दूरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या, तिथेही जमीन आणि बांधकाम या दोघांचा हात होता.

आणि आता घरचं. कोयनानगर, ११ डिसेंबर १९६७, पहाट, परिमाण साधारण ६.३. किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन्न, परिमाण ६.२. जवळजवळ जुळे भूकंप. केंद्राजवळची कमाल तीव्रताही दोन्हीकडे आठच्या आसपासच. पण कोयनेत मृत्यू दोनशेच्या आतबाहेर, आणि किल्लारी परिसरात आठ ते दहा हजारांच्या घरात.

म्हणजे तीव्रता कळली तरी सगळं कळलं असं होत नाही. आठव्या पायरीच्या हादऱ्यात काय उभं होतं आणि त्याखाली किती माणसं होती, हा तिसरा हिशेब वेगळा करावा लागतो. लातूर-उस्मानाबादच्या त्या गावांत दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर लाकडी खणांवर मातीचं माळवद. उन्हाळ्यात अशा घरासारखी गार जागा नाही. गळू नये म्हणून वर माती चढवत राहायची, तसा माळवदाचा भार वाढत जायचा. भिंतीतल्या दगडांना एकमेकांशी बांधणारं मातीखेरीज काही नाही. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक आत झोपलेले. भिंती फाकल्या आणि ते सगळं वजन खाली आलं. त्याच गावांतल्या हलक्या छपराच्या झोपड्यांनी मात्र माणसं वाचवली. गरिबाचं घर टिकलं आणि वाडा पडला, हे मराठवाड्याने डोळ्यांनी पाहिलं. ते रिश्टरच्या कुठल्याही आकड्यात सापडणार नाही.

डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली. परिमाणं बहुतांशी तीन-साडेतीनच्या आत, एखाददुसरा चारपर्यंत. मुंबईत बसून वाचलं तर 'किरकोळ'. पण केंद्र उथळ, गावाच्या थेट खाली. घरांना तडे गेले, माणसं थंडीत तंबूत झोपली. बातमीतलं 'किरकोळ' परिमाणाच्या बाबतीत खरं होतं, तिथल्या धुंदलवाडी गावाच्या बाबतीत नव्हतं. माझा बातमीदारांवरचा राग इथे आहे. एक आकडा छापला की गावाला काय झालं हे विचारायची गरज संपली, असं त्यांना वाटतं.

तीव्रता हे माणसांना विचारून काढलेलं, ढोबळ माप, म्हणून काही लोक तिला दुय्यम समजतात. मला ते पटत नाही. १८९७ च्या आसाम भूकंपाचा भूवैज्ञानिक रिचर्ड ओल्डहॅम यांनी अभ्यास केला, तो प्रत्यक्ष पाहणी आणि ठिकठिकाणांहून आलेली पत्रं यांवर. कुठे काय पडलं, कुठे नुसतं जाणवलं, हे नकाशावर मांडून समान तीव्रतेच्या रेषा काढल्या की भूकंपाचा पसारा दिसू लागतो. त्या काळच्या भूकंपांची परिमाणं आज आपण सांगतो, ती बऱ्याच अंशी अशा तीव्रतेच्या नोंदींवरूनच उलट काढलेली असतात.

आता तुमच्या-माझ्या कामाची गोष्ट. फ्लॅट घ्यायला गेलं की माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, किंवा विकणारा मुलगा ठणकावून सांगतो, 'इमारत आठ रिश्टरपर्यंत सुरक्षित आहे'. या वाक्याला अर्थ नाही. आठचा भूकंप कुठे? हिमालयात? मग पुण्यातली पत्र्याची शेडही सुरक्षित आहे. इमारतीच्या बरोबर खाली? त्याची हमी कुणी देणार नाही. अभियंता इमारत परिमाणासाठी बांधतच नाही, त्या जागची जमीन किती त्वरणाने हलेल यासाठी बांधतो. कोयना धरणाच्या आरेखनात गुरुत्वत्वरणाच्या विसाव्या हिश्श्याइतका आडवा जोर धरला होता. १९६७ च्या त्या पहाटे धरणातच बसवलेल्या यंत्राने गुरुत्वत्वरणाच्या निम्म्याहून अधिक नोंदला. धरणाला तडे गेले, धरण उभं राहिलं, आणि जगभरच्या धरण-अभियंत्यांनी तो आलेख अभ्यासाला घेतला. त्या चर्चेत ६.३ हा आकडा अगदी शेवटी येतो.

भूकंपाचा विचार करून इमारती कशा आरेखायच्या ते सांगणारं भारतीय मानक आहे, क्रमांक १८९३ (आयएस १८९३). त्यातला २००२ चा भूकंपक्षेत्रांचा नकाशा याच विचाराचा. त्यातली क्षेत्रं जोडलेली आहेत ती अपेक्षित तीव्रतेशी: दुसऱ्या क्षेत्राला सहावी पायरी, तिसऱ्याला सातवी, चौथ्याला आठवी, पाचव्याला नववी आणि त्यापुढची. या नकाशात नागपूर दुसऱ्यात, मुंबई-पुणे तिसऱ्यात, कोयना चौथ्यात. किल्लारी १९९३ पूर्वी सगळ्यात सौम्य समजल्या जाणाऱ्या पहिल्या क्षेत्रात होती. नंतर ते क्षेत्रच रद्द झालं आणि किल्लारीचा भाग तिसऱ्यात गेला.

तेव्हा विकणाऱ्याला रिश्टर विचारू नका. आरेखन कुठलं क्षेत्र धरून केलंय, मातीचा अहवाल आहे का, तळमजला पार्किंगसाठी नुसत्या खांबांवर मोकळा सोडलाय का, हे विचारा. आणि काँक्रीट ओतण्याआधी साइटवर गेलात तर खांबांच्या सळ्यांभोवतीच्या रिंगा बघा. त्यांची टोकं भारतीय मानक क्रमांक १३९२० प्रमाणे १३५ अंशांत आत वळवलेली हवीत. काटकोनात वाकवून सोडली असतील, तर तिथल्या तिथे इंजिनिअरला बोलवा.