ग्लुकोज एकच, जोडणी वेगळी

(दृश्य : निपाणीजवळचं गुऱ्हाळ. चुलवाणातला जाळ, काहिलीवरची वाफ, कडेला वाळत पडलेली चिपाडं.)

काहिलीतली मळी काढून झाली आहे. रस आटून पिवळा झाला, आता तांबूस होऊ लागलाय. गुळव्या काठीवरचा पाक थंड पाण्यात सोडतो, बोटांत घेऊन त्याची गोळी वळून बघतो आणि मान हलवतो. "गडबड करू नगा, पाक अजून यायचा हाय." त्याच्याजवळ थर्मामीटर नाही. असता, तर ढेप बसण्याजोगा पाक येतो तेव्हा त्यात ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास आकडा दिसला असता. काकवी त्याच्या कितीतरी आधी, १०५-१०६ अंशांवर उतरवतात.

या काहिलीत उकळते आहे ती मुख्यतः सुक्रोज नावाची साखर. १२ कार्बन, २२ हायड्रोजन, ११ ऑक्सिजन. तिच्या एका रेणूत दोन छोट्या साखरा जोडलेल्या असतात : ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. दोघींचं रेणुसूत्र अगदी एक आहे, ६ कार्बन, १२ हायड्रोजन, ६ ऑक्सिजन. फरक आहे तो अणूंच्या मांडणीत. फ्रुक्टोज जिभेला जास्त गोड लागते, ग्लुकोज कमी. दोघींची जोडणी होताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, आणि जोड तोडायचा तर पाण्याचा एक रेणू परत द्यावा लागतो.

तो जोड टिकणं न टिकणं हीच गुळव्याची सगळी काळजी. उसाचा रस मुळात थोडा आंबट. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की सुक्रोज फुटू लागतं. म्हणून रसात चुन्याची निवळी घालतात, आंबटपणा मारतात. रानभेंडीचं चिकट पाणी घालतात ते मळी वर आणण्यासाठी, तो वेगळा भाग. ऊस तोडून दोन-तीन दिवस फडातच पडून राहिला, तर चुलवाण पेटायच्या आधीच नुकसान सुरू होतं. उसातलंच एक विकर (एन्झाइम, नाव इन्व्हर्टेज) सुक्रोजचे दोन तुकडे करत बसतं. असल्या उसाचा गूळ नीट बसत नाही. मऊ राहतो, पावसाळी हवेत पाझरतो. व्यापारी ढेपेत नख रोवून बघतो आणि भाव पाडतो.

गंमत अशी की काकवीवाल्याला हीच मोडतोड हवी असते. बाटलीतल्या काकवीत खडे धरू नयेत म्हणून तो मुद्दाम थोडं लिंबूसत्व टाकतो. काही सुक्रोज फुटतं, आणि मिसळीची साखर लवकर खडे धरत नाही.

जाता जाता एक सांगायला हवं. "मधुमेहाला गूळ चालतो की हो" हे वाक्य निपाणीपासून खानापूरपर्यंत प्रत्येक लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं. चालत नाही. गुळात थोडी खनिजं जास्त असतात हे खरं, पण त्याचा बहुतेक भाग सुक्रोजच आहे, आणि आतड्यात पोचल्यावर साखरेतलं सुक्रोज कोणतं आणि गुळातलं कोणतं हे शरीराला कळत नाही.

(दृश्य : चिकोडीकडचा ऊस. पानांवर ऊन.)

ही साखर उसात आली कुठून? हवेतून आणि पाण्यातून. पान हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतं, मूळ पाणी चढवतं, आणि सूर्यप्रकाशाच्या जोरावर या दोहोंतून साखर बांधली जाते. बहुतेक वनस्पतींत कार्बन पकडल्यावर पहिला पदार्थ तीन कार्बनांचा तयार होतो. उसात तो चार कार्बनांचा असतो. १९६०च्या दशकात ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या दोघांनी उसाच्याच पानांवर काम करून हा रस्ता उलगडला. कडक उन्हात, पाण्याची ओढ असताना हा रस्ता फायद्याचा ठरतो. आपल्या ज्वारीचंही तसंच. भाताचं मात्र नाही, भात जुन्या तीन कार्बनांच्या वाटेनेच जातो. घटप्रभा आणि कृष्णेच्या पाण्यावरचा ऊस, पूर्वेकडच्या कोरडवाहू रानातली ज्वारी आणि येळ्ळूरच्या शिवारातला भात, एकाच जिल्ह्यात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालतात.

(दृश्य : चूल, तवा. ज्वारीच्या पिठावर ओतलेलं कढत पाणी.)

ऊस साखर सुटीच ठेवतो, रसात विरघळवून. धान्याला ते परवडत नाही. सुटी साखर पाणी ओढून घेते, दाणा फुगून फुटेल. म्हणून दाणा ग्लुकोजचे शेकडो-हजारो रेणू एकमेकांना जोडून त्यांचं स्टार्च करून ठेवतो. स्टार्चमध्ये दोन प्रकारचे धागे सापडतात. अमायलोज सरळ, वळत वळत गुंडाळी होणारा. अमायलोपेक्टिन फांद्यांचा, दर २४ ते ३० ग्लुकोजनंतर एक फाटा फुटलेला. कापलेल्या बटाट्यावर आयोडीनचा थेंब टाकला की निळाशार डाग उमटतो, शाळेत सगळ्यांनी केलेला प्रयोग. तो निळा रंग अमायलोजच्या गुंडाळीत शिरून बसलेल्या आयोडीनचा.

ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन, म्हणजे पीठ धरून ठेवणारं प्रथिन, नाही. मग भाकरी तुटत का नाही? कढत पाण्यामुळे. गरम पाणी पिठात शिरलं की स्टार्चचे कण फुगतात, चिकट होतात, आणि पीठ त्या चिकटपणावर एकत्र राहतं. गार पाण्यात मळलेल्या पिठाची भाकरी थापताना कडेने चिरत जाते. हे सीमाभागातल्या कुठल्याही आईला सांगायला नको, तिने प्रयोगशाळा न बघता ते हाताने शोधलेलं आहे. दुसऱ्या दिवशी भाकरी ताठ होते, तेही स्टार्चचंच काम. थंड होताना धागे पुन्हा एकमेकांना धरून बसतात. शिळ्या भातात असा पुन्हा घट्ट झालेला स्टार्च थोडा जास्त असतो आणि तो पचायला कठीण.

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात आणि खानापूरकडे रताळ्याचं पीक मोठं. रताळं हळू भाजलं तर जास्त गोड का लागतं, याचं उत्तर त्याच्याच पोटात आहे. ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान त्यातलं विकर जोरात असतं, स्टार्चचे दोन-दोन ग्लुकोजचे तुकडे पाडत जातं. त्या तुकड्याला माल्टोज म्हणतात. कुकरमध्ये दोन शिट्ट्या केल्या की तापमान झटकन वर जातं, विकर मरतं, गोडी तेवढी येत नाही. राखेत पुरलेल्या रताळ्याला वेळ मिळतो. एकादशीला "आज काही खाल्लं नाही" म्हणत आपण साबुदाणा आणि रताळी खातो. रसायनशास्त्राच्या हिशेबात तो दिवस स्टार्चचा मेळावा असतो, पण तो विषय घरात न काढलेला बरा.

(दृश्य : जेवणारी माणसं. मग शरीराचं साधं रेखाचित्र.)

घास तोंडात गेला की लाळेतलं अमायलेज नावाचं विकर स्टार्च कापू लागतं. पोटात ते थांबतं, लहान आतड्यात स्वादुपिंडाचं अमायलेज पुढचं काम करतं, शेवटी उरतं सुटं ग्लुकोज. निरोगी माणसाच्या साऱ्या रक्तात मिळून ते जेमतेम चार-पाच ग्रॅम असतं, एक चमचाभर. एवढ्याशा साठ्यावर मेंदू चालतो, आणि त्याला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम लागतं. म्हणून यकृत मागे साठा धरून बसतं. जेवणानंतर इन्सुलिनच्या हुकमाने जास्तीचं ग्लुकोज जोडून त्याचं ग्लायकोजेन करतं, सुमारे १०० ग्रॅम. स्नायूंत ३००-४०० ग्रॅम असतं, पण ते स्नायूंचं स्वतःचं. रक्तात परत सोडण्यासाठी लागणारं विकरच त्यांच्याकडे नाही.

ग्लायकोजेन म्हणजे दाट फांद्यांचा स्टार्चच, दर ८ ते १२ ग्लुकोजनंतर फाटा. फाटे जास्त म्हणजे टोकं जास्त, आणि कापणं टोकापासून होत असल्यामुळे एकाच वेळी खूप ग्लुकोज सुटू शकतं. एस.टी. मागे पळताना हे लागतं. ग्लायकोजेन कसं मोडतं हे शोधणाऱ्या गर्टी आणि कार्ल कोरी या दांपत्याला १९४७ साली नोबेल मिळालं. वैद्यकातलं नोबेल मिळवणारी गर्टी पहिली स्त्री.

साखर म्हणजे नुसतं जळण, ही समजूत मात्र सोडायला हवी. डीएनए आणि आरएनएच्या कण्यात पाच कार्बनांची साखर आहे. आणि रक्तदान शिबिरात कार्डावर लिहितात ते ए, बी, ओ? तांबड्या पेशीवर उभ्या असलेल्या साखरांच्या साखळीच्या शेवटी कोणती साखर आहे, त्यावर ते ठरतं. ए गटात नत्र असलेलं गॅलॅक्टोजचं एक रूप, बी गटात साधं गॅलॅक्टोज, ओ गटात ती शेवटची कडी नाही. तेवढ्या फरकावर चुकीचं रक्त जीव घेऊ शकतं. कार्ल लँडस्टायनरने हे गट १९०१ साली मांडले. तेव्हा त्यामागे साखर आहे हे त्यालाही माहीत नव्हतं.

(दृश्य : मळणी झालेलं रान. कडब्याची गंजी. मग पुन्हा चिपाडं.)

आता चिपाड हातात घ्या. हेही ग्लुकोजच. ज्वारीचा दाणा आणि त्याच ताटाचा कडबा, दोन्हींचा मूळ घटक एक. स्टार्चमध्ये जोड अल्फा पद्धतीचा, म्हणून धागा वळतो. सेल्युलोजमध्ये बीटा पद्धतीचा, दर दुसरा ग्लुकोज उलटा फिरलेला, म्हणून धागा सरळ जातो. असे सरळ धागे गंजीतल्या पेंढ्यांसारखे एकमेकांना लागून घट्ट बसतात, मधे पाणी शिरत नाही, आणि आपल्या अमायलेजला कुठे धरावं ते कळत नाही. एका जोडाची दिशा बदलली आणि अन्नाचं लाकूड झालं. मला या सगळ्या विषयात सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. १८३८ साली आन्सेल्म पायेन या फ्रेंच रसायनज्ञाने झाडांतून सेल्युलोज वेगळं काढलं, आणि त्याची घटना स्टार्चसारखीच निघाली.

चिपाड गुऱ्हाळात चुलवाणात जातं, कारखान्यात बॉयलरमध्ये. म्हणजे उसाच्या एका साखरेचा पाक त्याच उसाच्या दुसऱ्या साखरेच्या आगीवर शिजतो.

(दृश्य : बेळगाव, शहापूर-वडगावचे यंत्रमाग.)

शहापूर, वडगाव, खासबाग. इथल्या मागांवर सुती ताणा चढवायच्या आधी त्याला खळ देतात, नाहीतर घासून धागा तुटतो. कापूस जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. खळ स्टार्चची. ग्लुकोजच्या एका साखळीवर ग्लुकोजचीच दुसरी साखळी चढते, आणि ती छान धरते, कारण दोघींवरचे हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) एकमेकांना ओढतात. विणून झालं की खळ धुऊन टाकतात, कापड राहतं.

गोकाकच्या करदंट या मिठाईतला डिंकही याच घराण्यातला, पण त्याच्या साखळीत ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज आणि अराबिनोज. तुपात टाकला की आतल्या पाण्याची वाफ होऊन तो फुलतो. आपलं आतडं तो पचवत नाही. मोठ्या आतड्यातले जंतू पचवतात.

(दृश्य : गोठा. म्हैस कडबा खाते आहे. मग बेळगावातली कुंद्याची कढई.)

म्हशीलाही सेल्युलोज पचत नाही. तिच्या पहिल्या पोटात राहणाऱ्या जंतूंना पचतं. ते कडबा आंबवून त्याची आम्लं करतात, त्यातलं प्रोपिओनिक आम्ल म्हशीच्या यकृतात जातं आणि तिथे त्याचं पुन्हा ग्लुकोज होतं. ते कासेत पोचतं. तिथे अर्ध्याचं गॅलॅक्टोज बनतं, उरलेल्या ग्लुकोजला जोडलं जातं, आणि तयार होतं लॅक्टोज, दुधातली साखर. दुधात ती सुमारे पाच टक्के. दुधात पाणी किती उतरणार हेही बरंचसं तीच ठरवते, कारण ती पाणी स्वतःकडे ओढते.

दूध आटत जातं, खवा होतो, साखर पडते, आणि कुंदा तपकिरी व्हायला लागतो. तो रंग नुसत्या करपलेल्या साखरेचा नाही. लॅक्टोजचं एक टोक मोकळं असतं, ते दुधातल्या प्रथिनांशी जुळतं, आणि त्यातून रंग नि वास तयार होतात. लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली या अभिक्रियेचं वर्णन केलं. वरून घातलेल्या साखरेला, म्हणजे सुक्रोजला, हे जमत नाही. तिची दोन्ही टोकं जोडातच अडकलेली असतात. आधी तिला फुटावं लागतं, आणि त्यासाठी कढईवरच्या माणसाला झारा हलवत बराच वेळ उभं राहावं लागतं.